मागच्या पेटीतली वाळू

मामंजींनी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "सुकली."

सून त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं, आज म्हातारा थुंकणार. थुंकून म्हणणार, "ओली आहे पोरी, ने परत." तशी तयारीच होती तिची. पण मामंजी सुकली म्हणाले, आणि एकदा त्यांच्या तोंडून ते आलं की विषय संपला. तिनं मुकाट्यानं घमेली उचलली आणि इंजिनाच्या मागच्या पेटीत ओतली.

आता हे वाळूचं काय प्रकरण, ते आधी ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लाईन म्हणजे सगळी मिळून सहा मैल. खाली स्टेशन, तिथे मोठी गाडी यायची. वर डोंगरात गरम पाण्याचे झरे आणि झऱ्यांवर हॉटेल. दुखऱ्या गुडघ्यांचे, सुटलेल्या पोटांचे, नवीन लग्न झालेले, असे नाना तऱ्हेचे पाहुणे मोठ्या गाडीतून उतरायचे आणि छोट्या गाडीत बसून वर डुंबायला जायचे. ह्या सहा मैलांसाठी एक इंजिन, दोन डबे, एक मास्तर आणि एक घर. घर म्हणजे हिचंच. नवरा ड्रायव्हर, दीर कोळसा घालणारा, सासरे जुने ड्रायव्हर, आता घरी बसलेले, आणि ही वाळूवाली.

खालून दीड मैलावर एक उतार होता. त्याला पाहुणे हसत हसत घसरगुंडी म्हणायचे. घरातलं कुणी हसायचं नाही. रूळ ओले असले की चाकं तिथे साबणावर ठेवल्यासारखी सरकायची. मग ड्रायव्हरनं दांडा ओढायचा. पेटीतली वाळू नळीतून थेट चाकापुढे पडायची आणि चाक रूळ धरायचं. चढताना पुढची पेटी, उतरताना इंजिन उलटं चालायचं म्हणून मागची. वाळू मात्र खडखडीत हवी. जरा ओल राहिली की नळीच्या तोंडाशी तिचा बोळा होतो, मग ओढा किती दांडा ओढायचाय तो, कणभर पडत नाही.

पूर्वी इंजिनं दोन होती, थोरली आणि धाकटी. धाकटी आता नदीत आहे. घसरगुंडीच्या पायथ्याशी वळण, वळणाला लागून पूल, पुलाखाली ती. पाणी उतरलं की धुराडं दिसतं. तिच्यावर मामंजींचा सख्खा मोठा भाऊ होता. त्या दिवशी वाळू ओली होती. भरली होती मामंजींनी, वय वर्षं एकोणीस.

तेव्हापासून घरचा नियम. जिभेला लावल्याशिवाय वाळू पेटीत जाणार नाही. हात राबून निबर होतात, त्यांना कळत नाही. कोरडी वाळू जिभेचं पाणी ओढून घेते, टोचते. ओली नुसती गार लागते. चाळीस वर्षं ती जीभ मामंजींची.

आणि ह्या वर्षी पाऊस थांबायला तयार नव्हता. अकरा दिवस सलग. अंथरुणं ओली, काड्यापेट्या ओल्या, भिंतीला हात लावला तर हाताला पाणी. त्यात हॉटेलच्या मॅनेजरनं वाळूच्या भट्टीचा कोळसा बंद केला. "वाळू ती वाळू," म्हणाला, "तिचे कसले लाड?" ह्या मॅनेजरला घरात घड्याळसाहेब म्हणायचे, कारण त्याच्या मुठीत कायम घड्याळ. डोंगरातून मोटारीचा रस्ता निघाला होता, निम्मा झालाही होता, आणि घड्याळसाहेबानं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "एकदा, फक्त एकदा पाहुण्यांची मोठी गाडी चुकली, की ह्या लाईनीला कुलूप. पाहुणे मोटारीनं येतील. तुम्ही तुमचं बघा."

तर त्या सकाळी ती पहाटेपासून ओली लाकडं फुंकत होती. धुरानं डोळे सुजलेले. कढईतली वरची वाळू सुकली, खालची काही सुकेना. कालची जी चांगली उरली होती ती पुढच्या पेटीत गेली, मागच्या पेटीला ही आजची. अकराची वेळ झाली, घड्याळसाहेब फलाटावरून ओरडला, "बाई, वाळू सुकवताय की पाहुण्यांना जेवायला घालताय?" बाकावरचे पाहुणे हसले.

त्या बाकाचंही सांगायला हवं. फलाटावर एकच बाक होता, चकचकीत लाकडाचा, पाठीवर वेलबुट्टी कोरलेला. फक्त पाहुण्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी तिचे दिवस भरत आले होते, पाय सुजून खांब झाले होते, तेव्हा ती मिनिटभर टेकली होती त्यावर. मास्तर आले, तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत म्हणाले, "उठा वहिनी. साहेब बघतायत." ती उठली. ते मूल काही राहिलं नाही. त्याचा बाकाशी संबंध नाही, तिलाही ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून ती बाकाला वळसा घालून जायची.

तर साहेब ओरडला, पाहुणे हसले, आणि तिनं मनाशी म्हटलं, नेते तशीच. मामंजी आहेत ना. ओली असेल तर थुंकतील, मग उशिराचा दोष माझ्यावर नाही. आणि मामंजी म्हणाले, सुकली.

गाडी शिट्टी मारून गेली. दीर फावडं हलवून ओरडला, "वहिनी, चहा ठेवा पाचला!" नवऱ्यानं नेहमीसारखं नुसतं मान वळवून बघितलं. घड्याळसाहेब पहिल्या डब्यात बसून वर गेला.

ती कढई खरवडायला बसली. तळाची मूठभर वाळू उचलली, सवयीनं दाबली आणि मूठ उघडली. तळहातावर गोळा. चार बोटांचे चार वळ उमटलेले, जसेच्या तसे.

तिला वाटलं, फक्त तळाचीच अशी असेल. हलवून बघितलं, गोळा फुटेना.  तिनं चुलीवरचा चहा कपात ओतला, कारण हात काहीतरी करायला मागत होते, आणि मामंजींपुढे नेऊन ठेवला. मामंजींनी कप उचलला आणि घटाघट संपवला.

ती उभीच.

"मामंजी."

"हं."

"चहा उकळत होता."

मामंजींनी कपाकडे बघितलं. ओठ लालबुंद झाले होते त्यांचे. कळलंच नव्हतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"जीभ."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "त्या तापानंतर. गेल्या थंडीपासून. लाकडासारखी पडलीय तोंडात."

तिला धडाधड आठवायला लागलं. भाजी अळणी झाली तरी बोलत नाहीत. दूध नासलेलं प्याले, हूं की चूं नाही. तिला वाटलं होतं, म्हातारा निवला. किती बरं वाटलं होतं तिला!

"मग रोज सुकली, सुकली कसं म्हणत होता?"

"तुझं तोंड बघून." मामंजींचा आवाज उतरला. "तू कधी कच्चं काम करत नाहीस. तुझ्या तोंडावर दिसतं. आज धुरानं डोळे सुजले होते, काही दिसलं नाही. वाटलं, आणलीय म्हणजे सुकलीच असणार."

"आणि मला वाटलं, तुम्ही थुंकाल!"

 बाहेर पाऊस पत्र्यावर मुठीमुठीनं पडत होता. चढून गाडी वर पोचणार होती, पुढची पेटी चांगली होती. वर कुणाला काही कळणारच नव्हतं. कळणार होतं ते उतरताना, घसरगुंडीवर, दांडा ओढल्यावर.

ती मास्तरांकडे धावली. "वर फोन लावा!" मास्तरांनी फोनचा दांडा गरागरा फिरवला. "मेलाय, वहिनी. तीन दिवस झाले. तार कुठेतरी पडलीय." मग तिचा चेहरा बघून त्यांचा हात थांबला. "का? काय झालं?"

"मी पळत जाते," ती म्हणाली. "सहा मैल काय, पळेन."

"चढावर? ह्या पावसात?" मामंजी मागून काठी टेकत आले होते. "आणि पोचलीस, तर सांगशील काय? वाळू ओली आहे, उतरू नका? वर कोरडी वाळू कुठाय? घड्याळ म्हणेल मोठी गाडी चुकते, हाका तशीच. आणि तुझा नवरा हाकेल. मला माहितीय तो हाकेल, मीही हाकली असती. कोरडी वाळू घेऊन जायला हवं. घसरगुंडीच्या डोक्यावर गाडी थांबवायची, पेटी उपसायची, नवी भरायची. चारला निघते वरून. वेळ आहे."

"कोरडी करू कशावर? लाकूड कुठाय?"

 मामंजी बाकाकडे बघत होते. मग घरात गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले.

"अहो, अहो, अहो!" मास्तर आडवे झाले. "तो पाहुण्यांचा! माझी नोकरी जाईल!"

"मास्तर, भिंतीकडे तोंड करा. तुम्ही काही बघितलं नाही."

पहिला घाव बसला तेव्हा तिनं डोळे मिटले. दुसरा तिनं घातला. म्हाताऱ्याच्या हातून कुऱ्हाड घेतली आणि वेलबुट्टीवरच घातली. लाकूड वर्षानुवर्षं छपराखाली वाळलेलं, खणखणीत वाजत फुटलं. भट्टीत गेलं आणि असा जाळ उठला की अकरा दिवसांत तसा पाहिला नव्हता. पॉलिश तडतडायला लागलं. ती कढईतली वाळू उलथत होती, परत उलथत होती, दंडात गोळे आले तरी थांबत नव्हती, आणि प्रत्येक उलथण्याला तिच्या डोळ्यापुढे नदीतलं ते धुराडं.

थोड्या वेळानं भट्टीच्या दारात मास्तर. हातात त्यांचं तिकीटखिडकीतलं स्टूल. "हेही घ्या," म्हणाले. "कोरडं आहे." आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ह्या वेळी वाळू तिनं स्वतःच्या जिभेवर ठेवली. टोचली. तोंडातलं सगळं पाणी गेलं. भीतीनं ते आधीच गेलं होतं की काय, अशी शंका आली, म्हणून तिनं पाण्यानं चूळ भरली आणि पुन्हा ठेवली. पुन्हा टोचली.

"सुकली," ती म्हणाली. मामंजींनी नुसती मान हलवली.

दोन पोती भरली, ताडपत्रीत गुंडाळली, रुळांवरच्या ढकलगाडीवर ठेवली आणि निघाले. तीन वाजत होते. गाडी चारला सुटणार, उतारावर यायला साडेचार. मामंजी एका बाजूला, ती एका बाजूला. चढ. पायाखालच्या स्लीपरच्या आडव्या फळ्या शेवाळलेल्या. मामंजींचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"बोलू नका," ती म्हणाली.

"बोललो नाही तर भीती वाटते," मामंजी म्हणाले.

मग तेच बोलत राहिले. की पेट्या नव्हत्या तेव्हा इंजिनापुढे माणसं चालायची, हातानं वाळू पेरत. ते स्वतः चौदाव्या वर्षी तिथेच लागले. हॉटेल तेव्हा चार खोल्यांचं होतं. "मूठ उलटी धरायची आणि करंगळीकडून सोडायची. बारीक धार. फेकलीस तर सगळी खडीत जाते." तिनं ऐकलं न ऐकलं केलं. तिचं सगळं लक्ष वरच्या वळणाकडे.

पूल ओलांडला. खाली नदी लाल, फुगलेली. दोघांनीही खाली बघितलं नाही. वळण घेतलं आणि घसरगुंडी लागली. सरळ, लांब, दोन्हीकडे कापलेला डोंगर. निम्मी चढून झाली आणि शिट्टी वाजली.

तिला आधी वाटलं, मामंजींचा श्वास. मग परत वाजली. वरून.

"चार वाजले?" ती ओरडली.

"नाही." मामंजींचा चेहरा राखेसारखा झाला. "लवकर काढली. पावसाला भिऊन लवकर काढली त्या घड्याळानं."

आता उताराचं डोकं गाठणं शक्य नव्हतं. गाडी एकदा उतारावर आली की थांबणं नव्हतं. तिनं काही विचार केला नाही, खरंच सांगतो, पायांनीच केलं सगळं. ढकलगाडी दोघांनी खांद्यानं रेटून बाजूच्या चरात पाडली. तिनं एक पोतं गळ्यात अडकवलं, एक मामंजींच्या गळ्यात घातलं.

"तू डावा," मामंजी म्हणाले. "मी उजवा. खालच्या दिशेनं. मागे बघायचं नाही. मागे बघितलं की मूठ हलते."

आणि ती वाकली. मूठ उलटी, करंगळीकडून धार. ओल्या रुळावर वाळू चिकटत होती, पिवळी रेघ उमटत होती. वाकून पळायचं, उतारावर, गळ्यात पोतं, आणि पाठ गाडीकडे. पाठीला डोळे फुटले होते जणू. रूळ गुणगुणायला लागला, तो तिला बोटांत कळला. शिट्टी आता थांबतच नव्हती. नवऱ्यानं बघितलं होतं त्यांना. तो दांडा ओढत असणार, मागची पेटी, दोन्ही हातांनी, आणि नळीच्या तोंडाशी तिचा तो गोळा, तिच्या चार बोटांचा. ब्रेक लागलेली चाकं न फिरता सरकण्याचा आवाज आला, कुणीतरी कपडा फाडल्यासारखा लांबच लांब.

"मामंजी, बाजूला व्हा!"

"अजून! अजून थोडं!"

"मामंजी!"

तिनं म्हाताऱ्याची कॉलर धरली आणि ओढलं. दोघं चरात पडले, तोंडं चिखलात. गरम वाफ अंगावरून गेली. थोरली गेली, उलटी, सगळी चाकं गच्च धरलेली. आणि मग आवाज बदलला. फाटणं थांबलं, करकर सुरू झाली, दातांखाली खडा आल्यासारखी. चाकांना वाळू लागली होती. एक डबा गेला, खिडकीत एक बाई तोंड उघडं टाकून. दुसरा गेला. गाडी हळू होत होती. होत होती. वळणाशी ती एका बाजूला कलली, इतकी कलली की सुनेनं मामंजींचं मनगट धरलं ते तिची नखं आत गेली. मग सरळ झाली. पुलावर तिचा आवाज पोकळ झाला. मग पुलापलीकडे.

दोघं चरात बसूनच राहिले. मामंजी पोत्यात तोंड खुपसून रडत होते. लहान मुलासारखं, मोठमोठ्यानं. एकोणिसाव्या वर्षापासूनचं असणार ते. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

स्टेशनात पोचले तेव्हा मोठी गाडी पाहुण्यांना घेऊन गेलीही होती. घड्याळसाहेब फलाटावर जिथे बाक होता तिथल्या चार खुणांकडे बघत उभा. "बाक कुठाय?" मास्तर भिंतीकडे बघत होते. मामंजी म्हणाले, "साहेब, त्यावर बसूनच तुम्ही उतरलात." साहेबाला काही कळलं नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

नवरा इंजिनाजवळ होता. चेहरा पांढरा. दीर तर खाली बसून ओकत होता.

"तुम्ही दोघं काय मरायला आला होता रुळावर?" नवरा ओरडला. ओरडला म्हणजे आवाजच निघेना त्याचा. "माझ्याकडे वाळू होती! सुरुवातीला सरकली जरा, मग धरली की नाही! झकास वाळू होती!"

 तिनं त्याचा हात धरला, त्याला पायरीवर चढवलं, मागच्या पेटीचं झाकण उघडलं. पेटी काठोकाठ भरलेली. सकाळी ओतली तशीच, घमेल्याचा वळसुद्धा तसाच. तिनं त्याचा हात आत घातला.

त्यानं मूठ दाबली. उघडली. गोळा.

त्यानं त्या गोळ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग फलाटावर काठी टेकून उभ्या असलेल्या बापाकडे.

"अण्णांनी चाखली नव्हती?"

मामंजींनी काठी घट्ट धरली. सांगायला तोंड उघडलं.

"चूक माझी," सून मध्येच म्हणाली. "ओली आहे हे माझ्या हाताला कळलं होतं. कळलं होतं आणि नेली." तिनं पेटीचं झाकण लावलं. "आणि आजपासून चाखणार मी. मामंजींची जीभ गेलीय."

 तो गोळा नवऱ्यानं घरी आणला आणि भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी पाऊस तसाच. अकरा वाजले. डब्यांत पाहुणे भरलेले, फलाटावर उभ्यानंच थांबलेले, कारण बाक नव्हता. घड्याळसाहेब मूठ वर करून फलाटावर. "बाई! अकरा वाजून पाच! ही गाडी उशिरा गेली तर मोठी गाडी चुकेल, मग लाईन बंद, लक्षात आहे ना?"

तिच्या लक्षात होतं.  बाजूला नवरा, दीर, मास्तर, सगळे तिच्या तोंडाकडे बघत. मामंजी सगळ्यात पुढे, त्यांनीही तिच्याच तोंडाकडे डोळे लावलेले.

तिनं घमेल्यातून चिमूट घेतली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

मग फलाटावर थुंकली, साहेबाच्या बुटापासून वीतभर अंतरावर.

"ओली आहे," म्हणाली, आणि घमेलं उचलून परत भट्टीकडे चालायला लागली.